रात्रीची लाईट, ४४ वर्षांचा फिलिप रिव्हर्स आणि एनएफएल गेम पास

हा रिव्ह्यू एनएफएल गेम पासचा आहे, म्हणजे डझोनच्या ॲपवर एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या मॅचेस दाखवतात तो पास, आणि मी तो रावेर-यावल पट्ट्यातल्या माणसाच्या हिशोबाने लिहितोय. पुण्या-मुंबईकडचे रिव्ह्यू वाचले तर त्यात फायबर नेट आणि मोठा टीव्ही गृहीतच धरलेला असतो. आपल्याकडे मोबाईल, गावातला टॉवर आणि शेतात मोटर चालू करायची वेळ, या तिन्हींचं जमलं तर मॅच. म्हणून वेगळं लिहिणं गरजेचं वाटलं.

आमच्या घरात हा खेळ आला तो मावसभावामुळे. पुण्याला कमिन्समध्ये होता, कंपनीने तिकडे कोलंबसला पाठवलं, इंडियाना राज्यातलं कोलंबस, कंपनीचं हेड ऑफिस तिथेच आहे. तिथून इंडियानापोलिस जवळ, त्यामुळे टीम ठरूनच गेली, इंडियानापोलिस कोल्ट्स. आणि २०२५ चा सीझन कोल्ट्सचा असा काही सुरू झाला की विचारू नका, पहिल्या १० पैकी ८ मॅच जिंकल्या. जेट्स टीमकडून सॉस गार्डनर हा डिफेन्सचा खेळाडू आणला, त्याच्यासाठी पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, देऊन टाकले, म्हणजे यंदाच काय ते करायचं असा सगळा डाव. आणि तिथून गाडी घसरली. चीफ्सकडून ओव्हरटाईममध्ये हरले, मग टेक्सन्सकडून, मग ७ डिसेंबरला जॅक्सनव्हिलला क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवतो तो) डॅनियल जोन्सची अकिलीस तुटली, टाचेमागची मोठी शीर हो, ती गेली की सीझन संपला. दुसरा क्वार्टरबॅक अँथनी रिचर्डसन डोळ्याजवळच्या दुखापतीने आधीच बाहेर, तिसरा रायली लिओनार्ड नवा पोरगा, त्याचाही गुडघा दुखावलेला.

तेव्हा त्यांनी फोन केला फिलिप रिव्हर्सला. वय ४४. शेवटची मॅच खेळला होता जानेवारी २०२१ मध्ये, तीही कोल्ट्सकडूनच. त्यानंतर अलाबामात एका हायस्कूलच्या पोरांना कोचिंग करत होता, स्वतःची १० मुलं, एक नातूसुद्धा झालेला. हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे निवृत्त दिग्गजांच्या मानाच्या यादीत नाव पुढे आलेलं होतं, आणि परत खेळलं की निवृत्तीनंतरची ती पाच वर्षांची वाट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तरी माणूस आला. आमच्या आबांना फोटो दाखवला तर म्हणे "हाऊ म्हतारा काय खेयी रे भो?" प्रश्न चुकीचा नव्हता, अमेरिकेतही सगळे तेच विचारत होते.

बरं, आता सर्व्हिसबद्दल. रिव्हर्स तीन मॅच खेळला आणि त्या तिन्ही मॅच आपल्या घड्याळात तीन वेगवेगळ्या वेळेला पडल्या, त्यामुळे पास कसा वापरायचा हे त्या तीन मॅचमध्येच कळून जातं.

पहिली सिॲटलला, आपल्याकडे सोमवारी पहाटे २:५५ ला. आमच्या फिडरला शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, तो आठवडा रात्रीचा होता, गव्हाला पाणी भरायचंच होतं. बांधावर शेकोटी केली, मोबाईल पाईपाला टेकवून ठेवला आणि दांड फोडायला उठायचं तेव्हा आवाज मोठा करायचा. ॲपने या वेळेला एकदम चांगलं काम केलं, चित्र स्वच्छ, आणि मध्येच उठून गेलो तरी मागे ओढून तो प्ले, म्हणजे तो एक डाव, परत बघता येतो, लाईव्ह चालू असताना सुद्धा. हे फार कामाचं आहे. पहिल्या हाफमध्ये रिव्हर्सने जॉश डाउन्सला टचडाउन दिला (बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचला की सहा पॉइंट) तेव्हा मी वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला होतो, येऊन मागे ओढून बघितला. बॉल फेकायची त्याची पद्धत आधीपासूनच वेगळी, हात डोक्यावरून पूर्ण फिरत नाही, खांद्याजवळूनच ढकलल्यासारखा टाकतो. जोर पूर्वीसारखा नाही हे नवख्यालाही दिसतं. पण बॉल सुटतो फार लवकर, समोरचा अंगावर येण्याच्या आत हातातून गेलेला असतो.

ती मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत होती. ४७ सेकंद राहिले असताना कोल्ट्सने ६० यार्डांवरून फिल्ड गोल मारला (पायाने बॉल खांबांमधून मारायचा, तीन पॉइंट), १६-१५ पुढे, आणि नेमकं तेव्हाच आमच्याकडचं नेटवर्क बसलं, गोल गोल फिरत राहिलं. ॲपला दोष नाही, टॉवरच गेला होता. परत आलं तेव्हा सिॲटलच्या जेसन मायर्सने ५६ यार्डांवरून मारून १८-१६ केलं होतं, त्याचा तो मॅचमधला सहावा फिल्ड गोल, सिॲटलचे सगळे पॉइंट त्या एकट्याचे. रिव्हर्सचे २७ पैकी १८ पास पूर्ण, १२० यार्ड, एक टचडाउन, शेवटी एक इंटरसेप्शन, म्हणजे बॉल समोरच्याने झेलला. आकडे काही भारी नाहीत, पण पाच वर्षं घरी बसलेला माणूस त्या सीझनच्या सगळ्यात कडक डिफेन्सपैकी एकासमोर त्यांच्याच मैदानात जाऊन दोन पॉइंटने हरतो, मला तरी ही मोठी गोष्ट वाटते.

दुसरी फोर्टी नाइनर्सबरोबर, मंडे नाईट, आपल्याकडे मंगळवारी सकाळी ६:४५. नोकरीवाल्यांसाठी ही सगळ्यात अवघड वेळ, अर्धी मॅच होते ना होते तोच निघायची वेळ. इथे गेम पासची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कामाला येते, ती म्हणजे चाळीस मिनिटांची मॅच. हायलाईट्स नाही हं, पूर्ण मॅचचा प्रत्येक प्ले, फक्त मधला वेळ कापलेला. हा खेळ तीन-सव्वातीन तास चालतो पण बॉल प्रत्यक्ष खेळात असतो साधारण ११ मिनिटं, बाकी उभं राहणं, टाईमआउट, जाहिराती. ते कापलं की जळगाव ते भुसावळ जाऊन-येऊन पूर्ण मॅच होते. डेटाचाही हिशोब बसतो, रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये पूर्ण मॅच एचडीत बसत नाही, ही मिडियम क्वालिटीला बसते. फक्त संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप आणि गुगल उघडायचं नाही, नाहीतर निकाल आधी कळतो. मॅच ४८-२७ गेली, पण रिव्हर्सने २७७ यार्ड आणि दोन टचडाउन फेकले, म्हणजे त्या रात्री हरले ते डिफेन्समुळे, त्यांच्या क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीला अडवताच आलं नाही कोणाला.

तिसरी जॅग्वार्सबरोबर रविवारी रात्री ११:३० ला, ही आपल्यासाठी सगळ्यात सोयीची वेळ (सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हीच १०:३० ला असते, तिकडे घड्याळं मागे घेतली की आपल्याला एक तास उशीर होतो). २३-१७ हरले. आदल्या दिवशी टेक्सन्स जिंकल्यामुळे कोल्ट्स प्लेऑफमधून आधीच बाहेर पडले होते, तरी मी शेवटपर्यंत बघितली. शेवटच्या आठवड्यात मग लिओनार्डला खेळवलं, तीही हरले. ८-२ वरून ८-९, सलग सात हार, कोल्ट्सवाल्याला विचारा कसं वाटतं ते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा पास घ्या म्हणून सांगेन ती शेवटी ठेवलीय, कोचेस फिल्म. वरून, लांबून घेतलेलं चित्र, मैदानावरचे २२ च्या २२ खेळाडू एकाच वेळी दिसतात. टीव्हीच्या कॅमेऱ्यात क्वार्टरबॅक मोठा दिसतो आणि बॉल झेलणारे रिसिव्हर फ्रेमच्या बाहेर जातात, मग म्हाताऱ्याने बॉल तिथेच का टाकला ते कळतच नाही. टीव्हीवर स्नॅपच्या, म्हणजे बॉल खेळात येण्याच्या, आधीचं बघायचं, रिव्हर्स लाईनजवळ येतो, समोरच्या डिफेन्समधल्या एका लाइनबॅकरकडे बोट करतो, आपल्या पुढच्या अडवणाऱ्या लाईनला ओरडून काहीतरी बदलायला लावतो, मग मागे उभ्या रनिंग बॅकला डावीकडून उजवीकडे सरकवतो. तोच प्ले फिल्मवर लावला की दिसतं की समोरचा जो माणूस धावून येणार होता त्याच्यासमोर आता बरोबर अडवणारा उभा आहे, आणि त्याच्यामागे मोकळी झालेली जागा, बॉल तिथेच. मी एकेक प्ले चार-चारदा बघितला. आमच्याकडे जुना जाणता माणूस नुसतं पानाकडे बघून केळीला पाणी जास्त झालंय का कमी ते सांगतो ना, तसली नजर आहे ती. कोल्ट्सचा कोच शेन स्टायकेन रिव्हर्सच्या जुन्या टीममध्ये, चार्जर्समध्ये, त्याच्याबरोबर होता, त्यामुळे प्लेची भाषा रिव्हर्सला पाठच होती, तोच डाव तो हायस्कूलच्या पोरांना शिकवत होता. म्हणूनच मंगळवारी-बुधवारी आलेला माणूस रविवारी खेळू शकला, बाहेरचा कोणीही एवढ्या दिवसात उभा राहिला नसता.

लोक म्हणतात, तीन मॅच खेळवल्या तीनही हरल्या, मग काय मिळवलं. मला हे पटत नाही. बुडत्या टीमने जुना क्वार्टरबॅक आणला की प्रत्येक वेळी टॉम ब्रेडी होत नाही. २०१९ मध्ये टॅम्पा बे ७-९ होती, त्यांच्या जेमिस विन्स्टनने एका सीझनमध्ये ३० इंटरसेप्शन दिली होती, ४२ व्या वर्षी ब्रेडी आला आणि पहिल्याच सीझनला सुपर बोल, म्हणजे फायनल जिंकली, ७ फेब्रुवारी २०२१ ला चीफ्सला ३१-९. पण त्याला पूर्ण उन्हाळा, तयार रिसिव्हर आणि धडधाकट डिफेन्स मिळालं. २०२३ मध्ये ब्राउन्सने जो फ्लॅकोला नोव्हेंबरमध्ये घरून उचलून आणला, तो पाचपैकी चार जिंकला, पण त्याच्यामागेही डिफेन्स लीगमधलं एक नंबरचं होतं. रिव्हर्सला यातलं काहीच नाही, एक आठवडा मिळाला आणि समोर सिॲटल. त्या तीन मॅचमध्ये टीम लाज जाईल अशी खेळली नाही, आणि ते त्याच्यामुळे, फिल्म बघा म्हणजे कळेल.

घ्यायचा का, तर एक टीम पकडून पूर्ण सीझन बघणार असाल तर डोळे झाकून घ्या. रविवारचं रेडझोन आहेच, सगळ्या मॅचेसमधले टचडाउन एकाच चॅनेलवर रात्रभर. नुसतं कधीतरी बघायचं असेल तर पैसे घालू नका, एनएफएलच्या यूट्यूब चॅनेलवर हायलाईट्स फुकट असतात, तेवढे पुरतील. कॉमेंट्री इंग्रजीत आणि नियम येतात असं धरूनच बोलतात, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे चार डाउन आणि दहा यार्ड, म्हणजे चार प्रयत्नांत बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढंच डोक्यात ठेवून बघायचं, बाकीचं आपोआप बसतं. सुपर बोल मात्र लाईव्हच बघा, सोमवारी पहाटे ५ ला सुरू होतो, आणि फेब्रुवारीत रात्रीच्या लाईटवाल्यांना तसंही जागच असते. सीझन सप्टेंबरात सुरू होतो, पास ऑगस्टच्या शेवटी घेतला तरी चालतो, त्याआधीच्या मॅच सरावाच्या असतात.