पन्नास वर्षांच्या स्पीकरांना नव्या पेट्या: दहा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

माझे थोरले काका व्यापारी जहाजावर इंजिनियर होते. त्यांनी १९७६ साली लंडनहून केफ कंपनीच्या कोराल स्पीकरांची जोडी आणली. पुढची पंचेचाळीसेक वर्षं ती रत्नागिरीच्या आमच्या जांभ्याच्या घरात, माजघराच्या भिंतीला टेकून उभी होती. काका गेल्यावर मी ती ताब्यात घेतली, तेव्हा पेट्यांचा तळ गेलेला होता. फरशी पुसताना लागलेलं पाणी आणि दरवर्षीची ओल पिऊन पार्टिकल बोर्ड फुगला होता आणि बोटाने दाबला की भुसा गळत होता. मागच्या फळीत एकही स्क्रू धरत नव्हता.

आतले ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग, मात्र ठणठणीत होते. त्या काळच्या केफच्या बी २०० या आठ इंची वूफरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या ड्रायव्हरचा, कोन कागदाचा नाही, बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचा आहे. त्यामुळे ओलीने तो कुजत नाही. कडेला रबर आहे, फोम नाही. फोमची कड आपल्या हवेत काही वर्षांत पावडर होते, हे अनेकांनी पाहिलं असेल. वरचा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा ड्रायव्हर, टी २७. बीबीसीने स्टुडिओबाहेरच्या प्रसारणासाठी बनवलेल्या एलएस ३/५ए या छोट्या मॉनिटर स्पीकरमध्येही हाच बसवलेला असे. एवढा चांगला ऐवज पेटीपायी भंगारात घालणं मला जमणार नव्हतं.

जुने स्पीकर हाती असलेल्या अनेकांकडून जी चूक होते, तीच माझ्याकडून झाली. मी लाकडाच्या मोहात पडले. घराच्या दुरुस्तीत निघालेल्या सागवानी दारांच्या फळ्या पडून होत्या. शंभर वर्षं मुरलेलं लाकूड, रंधा मारला की मधासारखा रंग. त्याच फळ्यांच्या, २० मिमी जाडीच्या पेट्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत करून घेतल्या. दिसायला अप्रतिम झाल्या. पण बातम्या लावल्या आणि पहिल्याच मिनिटाला कळलं की पुरुषाचा आवाज छातीतून न येता डब्यातून येतोय. बाजूच्या फळीवर बोटाच्या पेराने वाजवलं की स्पष्ट सूर निघायचा. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपने तो साधारण ४५० हर्ट्झला दाखवला, म्हणजे ऐन बोलण्याच्या पट्ट्यात. जुन्या, कुजक्या पार्टिकल बोर्डाच्या धड उरलेल्या भागावर वाजवलं तर नुसतं ‘ठक्’ येत होतं.

पुढे जुलैत पुढच्या बाजूचा सांधा उघडला. सागवान तसं स्थिर लाकूड, पण तेही रेषांच्या आडव्या दिशेने फुगतंच. २२ सेंमीची बाजूची फळी जवळजवळ दीड मिलिमीटर वाढलेली मी मोजली. आतली पुढची फळी प्लायची होती, ती जागची हलली नाही. आमचे मिस्त्री सांधा बघून एवढंच म्हणाले, “ताई, सागवान प्लायला बांधून ठेवलात, तो पावसात फुगणार तरी कुठे?” फटीतून हवा जाऊ लागली आणि हवाबंद पेटीचा स्पीकर हवाबंद राहिला नाही. तबल्याच्या डग्ग्याची घुमारी तेवढ्याने पार गेली.

मग मी नीट वाचायला बसले. पेटीच्या भिंतींवर बीबीसीच्या संशोधन विभागाने बरंच काम केलं आहे. हार्वुड आणि मॅथ्यूज यांचा १९७७ चा अहवाल त्याच विषयावर आहे. भिंत जाड आणि कडक केली की तिचा स्वतःचा सूर नाहीसा होत नाही. तो वरच्या पट्टीत सरकतो आणि कानाला जास्त बोचतो. त्यापेक्षा भिंत बेताची पातळ ठेवावी आणि तिला आतून डांबराच्या जड पट्ट्या चिकटवाव्यात. सूर खाली सरकतो आणि उमटला तरी लगेच विझतो. एलएस ३/५ए ची पेटी १२ मिमीच्या बर्च प्लायची असायची आणि आतल्या कोपऱ्यांच्या पट्ट्या बीच लाकडाच्या. त्या पट्ट्यांचं नुसतं लाकूड बदललं तरी फरक ऐकू येतो, असं तेव्हा आढळलं होतं. हे वाचल्यावर माझ्या सागवानी पेट्यांमध्ये काय बिघडलं होतं ते मला लख्ख कळलं. विलायतेत यावर दुसऱ्या टोकाचा उपायही झाला होता. व्हार्फडेल या स्पीकर कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज प्लायच्या दोन थरांमध्ये वाळू भरत. केफ काढणारे रेमंड कुक त्यांच्याकडेच काम करून आले होते. वाळूचा विचार मीही केला, पण ओल धरणारी गोष्ट कोकणातल्या पेटीत भरायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या जोडीसाठी १८ मिमीचा मरीन प्लाय घेतला. तोही आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून. १२ मिमीचा मोह होता, पण जुन्या पेटीची भिंत १५ मिमीची होती आणि आठ इंची वूफरचा धक्का पातळ भिंतीला पेलवला नसता. इथे एक हिशेब सांगते, कारण कोणत्याही जुन्या स्पीकरला तो लागू पडतो. माझ्या मूळ पेटीचं बाहेरचं माप ४७ × २८ × २२ सेंमी. १५ मिमीची भिंत धरली तर आतली हवा जवळपास २०.९ लिटर. बाहेरचं माप तेच ठेवून १८ मिमी प्लाय लावला तर हवा १९.५ लिटरवर येते, म्हणजे सात टक्के कमी. माझ्या सागवानी पेट्यांत तर ती १८.६ लिटरच उरली होती. बंद पेटीत हवा हीच स्प्रिंग असते. हवा कमी केली की स्प्रिंग कडक होते, खालचा सूर वर सरकतो आणि बेस ठोकळ होतो. हा खालचा सूर इम्पीडन्सच्या, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाच्या, शिखरावरून कळतो. जुन्या पेटीत ते शिखर ५८ हर्ट्झला होतं. सांधा उघडण्याआधी मोजलं तेव्हा सागवानीत ते ६१ ला आलं. म्हणून या वेळी समोरची रुंदी आणि उंची मूळची ठेवली आणि फक्त खोली २२ वरून २३.४ सेंमी केली. समोरच्या फळीच्या कडांवरून आवाज कसा पसरतो, ते तिच्या मापावर ठरतं. म्हणून वाढ मागच्या बाजूला. आता आतली हवा जवळपास २१ लिटर भरते. वूफरच्या वर दोन्ही बाजूंना जोडणारी एक आडवी दांडी आहे, ती पाव लिटर खाते. शिखर ५९ ला आलं. हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. लॅपटॉप, एक रेझिस्टर आणि फुकटातलं सॉफ्टवेअर पुरतं.

मिस्त्रींनी खाचा घेऊन, सरस लावून, रात्रभर शिकंज्यात धरून पेट्या जोडल्या. खिळा कुठेही नाही. गुण्या लावून चौकटीचे कर्णही मोजले. दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत ते शिकंजा सैल-घट्ट करत राहिले. बाहेरून सागवानी व्हीनियर, आणि हा माझा आग्रह होता, आतूनही साधं व्हीनियर. एकाच बाजूला लावलं की फळी पुढेमागे वाकते. आत गाडीच्या दारांना लावतात त्या ब्यूटाइल रबराच्या जड शीट चिकटवल्या. भरण म्हणून गादीवाल्याकडून उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर आणला.

ड्रायव्हर बसवताना सगळ्यात जास्त जपायला हवं. टी २७ चं चुंबक जबर आहे आणि घुमट पातळ प्लास्टिकचा, जेमतेम पाऊण इंचाचा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर हातातून ओढला जाऊन घुमटात घुसला तर खेळ संपला. मी घुमटावर पुठ्ठ्याची चकती धरली आणि पितळी स्क्रू वापरले. वूफर १८० अंशांत फिरवून बसवला. इतकी वर्षं एकाच बाजूने लोंबलेला कोन आता उलट दिशेने सावरेल. प्लायला पुन्हा पुन्हा स्क्रू मारले की भोक झिजतं, म्हणून आतून टी-नट, म्हणजे लाकडात रुतणारे धातूचे नट, घातले आणि वूफर बोल्टने कसला. क्रॉसओव्हरचे, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटचे, वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्याच किमतीच्या नव्यांनी बदलले, बाकी काही छेडलं नाही.

हवा गळते का, हे बघायला घरात उदबत्ती होतीच. ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात सोडायचा आणि उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. मागच्या, तारा जोडायच्या टर्मिनलच्या कपाजवळ तो थरथरला आणि चूक सापडली. मऊ ईपीडीएम रबराची पट्टी घातली आणि धूर शांत झाला.

आता दहा महिन्यांचा अनुभव. बातम्यांतला निवेदक आता खोलीत बसून बोलतो. तंबोऱ्याच्या चार तारा वेगळ्या ऐकू येतात आणि त्यांच्यावर स्पीकरच्या पेटीचा पाचवा सूर चढत नाही. पहिल्या संध्याकाळी जव्हारीचा तो सूक्ष्म झणत्कार ऐकून मी गादीवरून उठलेच नाही. डग्गा मुळापासून घुमतो आणि वेळेवर थांबतो. मूळ पेटीहून हे चांगलं आहे का? वेगळं आहे. वरचा आवाज किंचित खुला वाटतो, पण त्यात नव्या कपॅसिटरांचा वाटा किती आणि पेटीचा किती, हे वेगळं करून मी ऐकलेलं नाही. मधला भाग मात्र नक्कीच स्वच्छ झाला आहे. हेही सांगते, आम्ही गादीवर बैठक घालून ऐकतो. बाजारातल्या स्टँडवर ट्वीटर डोक्यावरून जात होता. मिस्त्रींकडून ३५ सेंमीचे बुटके स्टँड करून घेतले, तेव्हा ट्वीटर कानाच्या रेषेत आला.

मेमध्ये एका पेटीत बारीक कुरकुर सुरू झाली. उष्णतेने ब्यूटाइलच्या एका शीटचा कोपरा सुटून फळीवर आपटत होता. आता सगळ्या शीटना कडेने स्टेपल मारले आहेत. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. वरच्या फळीवर व्हीनियरला नाण्याएवढा फुगा आला. तिथे कॉन्टॅक्ट अडहेसिव्ह वापरलं होतं. बाकी जिथे पांढरा सरस लावून दाबाखाली ठेवलं, तिथे एकही फुगा नाही.

पावसाळ्याची धास्ती सगळ्यात जास्त होती. जून ते सप्टेंबर दर रविवारी टेपने बाजू मोजली. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही, सांधे जसेच्या तसे. ऑगस्टमध्ये बुरशी मात्र आली, आणि आली ती नेमकी पुढच्या कापडावर. मी खादी लावली होती. तिच्यातल्या खळीवर बुरशी पोसते, हे आधीच सुचायला हवं होतं. आता विरळ विणीचं पॉलिस्टर आहे. कापड निवडताना ते तोंडाशी धरून फुंकर मारावी. पलीकडे हाताला वारा लागला पाहिजे. मागच्या फळीला पॉलिश करायचं राहिलं होतं, तिथेही पांढरे डाग पडले. न दिसणाऱ्या बाजूलाही पॉलिशचे दोन हात द्याच.

खर्च विचारतात म्हणून लिहिते. ८ × ४ फुटांची अर्धी शीट दोन पेट्यांना पुरली, तिचे १,९०० रुपये. व्हीनियर १,२००, मिस्त्रींची मजुरी ५,०००, पॉलिश १,५०० आणि किरकोळ १,४००. एकूण ११,००० झाले. सागवानी जोडीवर आधी गेलेले पैसे यात धरलेले नाहीत. त्या पेट्या मी मोडल्या नाहीत, फळ्या सोडवून ठेवल्या आहेत. त्यांचे रेकॉर्ड ठेवायचे दोन कप्पे करायचे आहेत. मिस्त्रींनी दिवाळीनंतरचा वायदा दिला आहे.