गच्चीवरच्या भाज्यांना उन्हाळी सावली: हिरवी जाळी की वेलींचा मांडव?

पुण्यासारख्या ठिकाणी गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांपुढे होळीच्या आसपास एक प्रश्न हमखास उभा राहतो. थंडीत लावलेले टोमॅटो आणि मिरच्या अजून फळत असतात, पालक-मेथीची शेवटची काढणी हाताशी असते आणि ऊन मात्र दिवसागणिक बोचरे होत जाते. आता डोक्यावर सावली हवी, हे सगळ्यांनाच कळते. ती कशाची करावी, यावर मात्र दोन पक्ष आहेत. एक पक्ष शेडनेटचा, म्हणजे बाजारातल्या हिरव्या जाळीचा. दुसरा बांबू आणि तारेवर वेल चढवून जिवंत मांडव करणाऱ्यांचा. मी दोन्ही वापरले आहेत आणि आज माझ्या गच्चीवर त्यांपैकी एकाचेच राज्य आहे. तरीही दोघांची बाजू जमेल तितक्या निःपक्षपातीपणे मांडतो, कारण प्रत्येकाची गच्ची, पाण्याची सोय आणि घराबाहेर असण्याच्या वेळा वेगळ्या असतात.

हवामान ठरल्यासारखे वागले असते, तर ही निवड फारशी अवघड नव्हती. मार्च ते मे कडक ऊन आणि जूनमध्ये पाऊस, एवढाच हिशेब असता तर जाळी बांधावी आणि पावसाच्या तोंडावर काढावी, इतके सरळ उत्तर होते. पण अलीकडची वर्षे आठवून पाहावीत. २०२२ चा मार्च हा देशातील १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये, सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने, सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्याउलट २०२५ चा मे महिना आपल्याकडे बराचसा ढगाळ आणि ओला गेला आणि एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचणारा मोसमी पाऊस त्या वर्षी २६ मे रोजीच तेथे दाखल झाला. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये राज्यभर झालेली गारपीट तर कोणीच विसरलेले नाही. याशिवाय एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चार-साडेचारला अंधारून येणारा वळीव आहेच. म्हणजे आपण जे काही डोक्यावर बांधू, त्याला ऊन, ढग, वारा आणि गारा या चौघांशीही जमवून घ्यावे लागणार.

सावली नेमकी कोठून हवी, हेही आधी पाहून घ्यावे. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेचा कठडाच निम्म्या कुंड्यांना आडोसा देतो आणि त्यामुळे आपली गच्ची तशी सौम्य आहे, असा समज होतो. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तेव्हा कठड्याचा काडीचाही उपयोग उरत नाही. शिवाय त्या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो आणि दुपारी तीन ते सहाचे तिरपे ऊन एरवी सुरक्षित वाटणाऱ्या कोपऱ्यांत शिरते. पानांचा कडा जाळणारे ऊन हेच. तेव्हा नुसते छत पुरत नाही. पश्चिमेला एखादा उभा पडदाही लागतो, मग तो जाळीचा असो की वेलाचा.

जाळीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. ती एका दुपारीत बांधून होते, तिला पाणी लागत नाही, कीड लागत नाही आणि किती सावली मिळणार हे विकत घेतानाच ठाऊक असते. ३५, ५०, ७५ अशा टक्केवारीत ती मिळते. दुकानदार बहुधा ५० टक्क्यांची हातात ठेवतो आणि पालेभाज्या व रोपवाटिकेसाठी ती चांगलीही आहे. टोमॅटो आणि मिरचीला मात्र ती थोडी जास्त होते, असे माझे मत आहे. तापमान पस्तिशीच्या पुढे गेले की टोमॅटोची फुले गळतात आणि तिशीच्या पुढे फळाला तांबडा रंग नीट चढत नाही, ते पिवळट-केशरी राहते. जाळीखाली हे दोन्ही दोष थोडे कमी होतात, पूर्ण जात नाहीत. भेंडी, गवार, चवळी या मंडळींना सावलीची गरजच नसते, त्यामुळे त्यांना जाळीखाली ठेवून जागा अडवू नये. गारांच्या बाबतीत मात्र जाळीला तोड नाही. लहान रोपांवर ताणून बांधलेली जाळी गारांचा मार झेलते आणि वळवाचे टपोरे थेंबही तिच्यातून बारीक होऊन खाली येतात, त्यामुळे नुकतीच उगवलेली मेथी मातीत आडवी होत नाही.

जाळी फार खाली बांधू नये, हे बहुतेकांना माहीत असते. डोक्याला लागेल इतक्या उंचीवर ती असली, तर खालची हवा कोंडते आणि कोरड्या, स्तब्ध उष्णतेत वांग्यावर लाल कोळी आणि मिरचीवर फुलकिडे फोफावतात. चुरडा-मुरडा झालेली मिरची नंतर कितीही फवारण्या केल्या तरी पूर्ववत होत नाही. सात-आठ फुटांवर जाळी घेतली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. येथपर्यंत माझी जाळीविषयी काहीच तक्रार नव्हती.

तक्रार आहे ती काढ-घाल करण्याची. ऐकायला ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु माझ्यापुरता निर्णय तिनेच केला. वळवाच्या आधी जो वारा सुटतो, तो पाच-दहा मिनिटांचाच असतो, पण तेवढ्यात सात फुटांवर ताणलेली जाळी शिडासारखी फुगते. तिच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा एकामागून एक सुटतात. न सुटणाऱ्या क्लिपांपाशी जाळीच उसवते. नायलॉनची गाठ इतकी आवळली जाते की ती नखाने सुटत नाही, कापावीच लागते. एका टोकाने सुटलेली जाळी मग ओली होऊन मिरचीच्या शेंड्यांवरून फरफटत जाते आणि वाऱ्याने जितके मोडले नसते, तितके ती मोडते. हे सारे बहुधा दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे घरात कोणी नसताना घडते. म्हणून जाणकार सांगतात की आभाळ भरलेले दिसले की जाळी गुंडाळून ठेवावी. सल्ला योग्यच आहे, पण सकाळी लख्ख ऊन असताना दुपारच्या आभाळाचा अंदाज घेऊन जाळी बांधायची की गुंडाळायची, हे रोज ठरवणे म्हणजे भाज्यांपेक्षा जाळीचीच शेती करणे होय. रात्री अर्धवट सुटलेल्या जाळीचा फडफडाट खालच्या मजल्यावर ऐकू जातो आणि मग शेजाऱ्यांशीही बोलणी करावी लागतात, ती वेगळीच.

ढगाळ दिवसांत हीच अडचण उलट बाजूने येते. सलग आठवडाभर आभाळ असले आणि जाळी वरच राहिली, तर मिरची आणि वांगी उजेडाच्या शोधात उंच, किरकोळ होत जातात. मग दोन दिवस कडक ऊन पडते आणि तोवर जाळी काढलेली असली, तर तीच कोवळी पाने करपतात. जाळीला मधली अवस्था नसते. ती असते किंवा नसते.

मांडवाकडे वळताना प्रथम त्याची मोठी उणीव सांगितली पाहिजे: तो पैसे टाकून आजच्या आज मिळत नाही. मार्च संपताना ज्याला मांडवाची आठवण होते, त्याने त्या वर्षापुरती जाळीच घ्यावी. दुधी, दोडका किंवा काकडी यांचे बी जानेवारीच्या अखेरीस, थंडी ओसरू लागल्यावर टोकले, तर सुमारे दोन महिन्यांनी छतावर कामापुरती सावली होते. बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवल्यास कोंब लवकर येतो. वेल तारेपर्यंत पोहोचला की शेंडा खुडावा. त्यातून फुटणाऱ्या बाजूच्या फांद्यांवर मादी फुले अधिक येतात आणि छतही चांगले भरते. बागकामाच्या गटांमध्ये ज्याला थ्रीजी कटिंग म्हणतात, ते याच खुडणीचे पुढचे रूप आहे.

माझा कल मात्र तोंडलीकडे आहे. ती बियांऐवजी छाटापासून लावतात, एकदा रुजली की वर्षानुवर्षे टिकते आणि तिचे वेळापत्रक आपल्या गरजेशी विलक्षण जुळते. थंडीत तोंडलीची वाढ थांबते, पाने विरळ होतात. तेव्हा तिला छाटून टाकावे आणि खाली थंडीचे कोवळे ऊन भाज्यांना मिळू द्यावे. फेब्रुवारीत ऊन वाढू लागले की जुन्या खोडातून फुटवे येतात आणि चैत्रात, म्हणजे खाली सावली हवीहवीशी वाटू लागते त्याच सुमारास, वर पाने दाटतात. जोडीला पश्चिमेच्या उभ्या दोऱ्यांवर मायाळू सोडली, तर तिरप्या उन्हाचाही बंदोबस्त होतो. मायाळूला उष्णता मानवते आणि तिच्या पानांची भजी घरात कोणी नाकारत नाही.

मांडवाखालची सावली जाळीच्या सावलीहून वेगळी असते, हे मला कोणत्याही उपकरणाने मोजून दाखवता येणार नाही. दुपारी तीनला अनवाणी उभे राहिले, तर जाळीखालच्या फरशीवरून पाय उचलावासा वाटतो आणि मांडवाखाली निवांत उभे राहून मिरच्या तोडता येतात, एवढाच माझा पुरावा. पाने बाष्प सोडतात, त्याने हवा निवते, हे तर शालेय पुस्तकातही आहे. मांडवाखालच्या कुंडीत बोट घातले तर संध्याकाळपर्यंत ओल लागते. जाळीखालच्या त्याच मापाच्या कुंडीत वरची माती सकाळचे पाणी विसरलेली असते. ढगाळ आठवडा आला तर कात्रीने चार-सहा मोठी पाने काढावीत, उजेड खाली येतो. ऊन परतले की वेल ती जागा स्वतःच भरून काढतो. वाऱ्यात मांडव हलतो, पाने फाटतात, एखादी फांदी तुटते, पण त्यातून वारा आरपार जातो. खांब पक्के असले, म्हणजे रंगाच्या जुन्या बादल्यांत काँक्रीट ओतून रोवलेले असले, तर वळीव येऊन गेल्यावर पाला झाडून टाकण्यापलीकडे काम उरत नाही. गच्चीला भोके पाडून खांब बसवण्याचा मोह टाळावा. गळती सुरू झाली, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत विषय आपलाच असतो.

आता मांडवाची देणी. पहिले पाणी. एप्रिल-मेमध्ये पाणीकपात सुरू झाली की मोठ्या पानांचा दुधी हा घरातला सर्वांत तहानलेला सभासद ठरतो. सकाळी भरपूर पाणी देऊनही दुपारी त्याची पाने मान टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा सावरतात. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी आणि फिल्टरचे वाया जाणारे पाणी साठवून मी निभावून नेतो. फिल्टरचे पाणी क्षारयुक्त असल्याने ते साध्या पाण्यात मिसळूनच देतो. तोंडली दुधीच्या मानाने बरीच सोशिक आहे. दुसरे देणे किडींचे. रोपे दोन पानांवर असताना लाल भुंगे ती चाळणीसारखी करतात आणि फळे धरू लागली की फळमाशी येते. फळमाशीसाठी क्यू ल्युअरचा, म्हणजे नर माश्यांना वासाने ओढणारा, कामगंध सापळा टांगावा, आणि डंख झालेली फळे गच्चीवर पडू न देता बंद पिशवीत भरून टाकावीत. तिसरे म्हणजे दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि शहरात रात्रीचे पतंग भरवशाचे नसतात, त्यामुळे जेवणापूर्वी बॅटरी घेऊन नर फूल तोडायचे, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्यातला पिवळा पराग मादी फुलाच्या तोंडाशी हलकेच टेकवायचा, हे काम अंगावर येते. मला ते आवडते. प्रत्येकाला आवडेलच असे नाही.

गारांपुढे मांडव हरतो, हेही मान्य करायला हवे. मोठ्या गारांनी कोवळी पाने चिंध्या होतात आणि सावली दोन-तीन आठवड्यांसाठी जाते. तोंडली यातून लवकर उठते, काकडी बहुधा उठत नाही.

तेव्हा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, मे महिन्यात गावी जाऊन घर बंद ठेवणाऱ्यांनी किंवा ज्यांच्याकडे पाणी एक दिवसाआड येते त्यांनी जाळीच घ्यावी, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. फक्त गावी जाण्यापूर्वी ती उतरवून कुंड्या जिन्याच्या किंवा टाकीच्या सावलीला हलवाव्यात. दुपारी घरी असणारे, आभाळाकडे पाहून दोन मिनिटांत गच्चीवर पोहोचू शकणारे लोकही जाळीवर समाधानी असतात, असे माझ्या ओळखीत दिसते. मात्र ज्यांना सकाळी नऊला बाहेर पडून सातला परतायचे आहे आणि त्याच गच्चीवर पुढची काही वर्षे भाज्या करायच्या आहेत, त्यांनी जाळीचे पैसे बांबू, तार आणि वेल लावायच्या दोन मोठ्या पिंपांवर खर्च करावेत, असे मला वाटते. पिंप किमान पन्नास लिटरचे असावे, ते गच्चीच्या मधोमध न ठेवता खालच्या तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवावे आणि तोंडलीचा छाट फळणाऱ्या, चवीला कडू नसलेल्या वेलाचाच मागून आणावा.

जाळीचा एक तुकडा मी अजूनही ठेवला आहे, साधारण चार बाय सहा फुटांचा, ५० टक्क्यांचा. कोथिंबीर आणि मेथी पेरलेल्या दोन क्रेटवर वाकवलेल्या कांबींवरून तो बसतो, त्याच्या कडा विटांखाली दाबलेल्या असतात आणि इतक्या खाली असल्याने वारा त्याच्या वाटेला जात नाही. या क्रेटच्या बाजू उघड्या असल्याने हवाही कोंडत नाही आणि पालेभाजी पंचवीस-तीस दिवसांत निघत असल्याने कोळ्यांना फोफावायला वेळ मिळत नाही. कोथिंबीर मात्र एप्रिलनंतर या जाळीखालीही लवकर फुलावर येते, म्हणून त्या क्रेटमध्ये तेव्हा लाल माठ पेरावा.