पिकअपमागे कॅम्पर की टपावर तंबू?
हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपला कॅम्पर, म्हणजे झोपायची सोय असलेला ट्रेलर, ओढायची ताकद आहे. प्रश्न येतो तो चिपळूणकडे कुंभार्ली घाट उतरताना. मागचं वजन गाडीला पुढे रेटतं, तेव्हा ब्रेक दाबून बसायचं नाही, खालचा गिअर टाकायचा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हुकवर हवा. सगळं सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला कोंबलंत की शेपूट डोलायला लागलीच. आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीपाशी ट्रेलर रिव्हर्स घ्यायची वेळ आली, तर अख्खी जेटी सल्ले द्यायला हजर!

टपावरच्या तंबूला ही कटकट नाही. पण हर्णैला मासळीच्या लिलावाला जायचं तर आधी तो गुंडाळा. कॅम्पर वाडीत सोडून नुसती पिकअप नेता येते. मुक्काम लांबणार असेल तर तेवढ्यासाठी मी घाट सोसेन.