डिलिव्हरीवाल्यांचा विमा: कामगार भरपाई की गट अपघात?
पाच-सहा दुचाकीस्वार ठेवणाऱ्या दुकानदाराला गट अपघात विमा स्वस्त वाटतो. त्यात रक्कम ठरलेली असते, संरक्षण बहुधा चोवीस तासांचे. सुट्टीत गावी झालेला अपघातही येतो. पण मालकाची कायदेशीर जबाबदारी त्याने फिटत नाही.

ती उचलतो कामगार भरपाई विमा. कामावर मृत्यू झाल्यास निम्मे मासिक वेतन गुणिले वयाचा गुणांक (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा) इतकी भरपाई. वय २५, वेतन १५,००० असेल तर ७,५०० × २१६.९१, म्हणजे १६,२६,८२५ रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात. हात मोडून घरी बसावे लागले, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. उपचारखर्च मात्र अनेक पॉलिसींत वेगळा जोडून घ्यावा लागतो. हे विसरूच नका.

दावे अडतात, कारण हप्ता वाचवायला कागदावर वेतन कमी दाखवलेले असते किंवा कामाच्या रकान्यात ‘डिलिव्हरी’ऐवजी ‘मदतनीस’ लिहिलेले असते. वाहन चालवण्याचा परवाना संपलेला असेल तर गट अपघाताचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

पैसे एकाचेच असतील तर कामगार भरपाई घ्या. दहा माणसे झाली की २१,००० पर्यंत मासिक वेतन असलेल्यांसाठी ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची सरकारी योजना) तपासा.