मिनी, साब की फुल्विया: कुठल्या जुन्या रॅली गाडीचा माग काढायला घ्यावा?

तिन्ही गाड्या लाल. मिनी कूपर एस लाल, वर पांढरं छत. साब ९६ लाल. लान्सिया फुल्विया जरा गडद लाल, बॉनेट काळं. तिन्ही छोट्या, तिन्ही फ्रंट-व्हील ड्राइव्ह, आणि तिघींनीही मोंते कार्लो रॅली जिंकलेली. साब १९६२ आणि १९६३ मध्ये, मिनी १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये, फुल्विया १९७२ मध्ये. जुन्या रॅली गाड्यांचा इतिहास खोदायची हौस लागली की माणूस बहुधा या तिघींपैकी एकीपाशीच येऊन थांबतो आणि विचारतो, सुरुवात कुठून करू?

असं कुणी विचारलं की मी आधी एकच उलटा प्रश्न करतो. गाडी विकत घ्यायची आहे की नुसता माग काढायचा आहे? माग काढायचा असेल तर मिनी निवडा. पैसे घालायचे असतील तर साबकडे बघा. फुल्विया दोन्हींसाठी चांगली, पण तिच्यासाठी इटालियन कागदांशी झटायची तयारी हवी. हे माझं मत आहे आणि ते असं का, ते सांगतो.

मुळात तिन्ही देशांत गाडीची ओळख वेगवेगळ्या ठिकाणी लपलेली असते. आपल्याकडे आरसी बुक, चेसिस नंबर आणि पाटीवरचा नंबर हे तिन्ही साधारण एकत्रच चालतात, त्यामुळे आपण गृहीत धरतो की सगळीकडे तसंच असेल. तसं नाही.

मिनीपासून सुरू करतो, कारण तिथे बघण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा स्पर्धा विभाग इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला, एमजीच्या कारखान्यात होता. रॅलीच्या मिनी तिथे बांधल्या जायच्या आणि तिथूनच त्यांची नोंदणी व्हायची. ॲबिंग्डन तेव्हा बर्कशर काउंटीत होतं. आता पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांच्या १९६४ च्या विजेत्या गाडीची पाटी बघा: ३३ ईजेबी. तीन अक्षरांतली शेवटची दोन जेबी, ही बर्कशर काउंटीची खूण. टिमो मॅकिनेनची १९६५ ची गाडी एजेबी ४४बी. परत जेबी. राउनो आल्टोनेनची १९६७ ची गाडी एलबीएल ६डी. इथे बीएल, तेही बर्कशरचंच. १९६६ च्या गाड्यांवर जीआरएक्स, त्यातलं आरएक्सही बर्कशरचं. आकड्यानंतरच्या अक्षरातून वर्ष कळतं: बी म्हणजे १९६४, डी म्हणजे १९६६. जानेवारी १९६७ मध्ये जिंकलेली गाडी आदल्या वर्षी नोंदलेली होती, हे पाटीच सांगते. ३३ ईजेबीवर असं वर्षाचं अक्षरच नाही, म्हणजे ती त्याआधीची.

ही उकल पहिल्यांदा जमते तेव्हा फार आनंद होतो. एखादा जुना फोटो हातात येतो, कडेला बर्फाच्या ढिगात अर्धी पाटी दिसते, दोन अक्षरं आणि एक आकडा, आणि तेवढ्यावरून गाडी ॲबिंग्डनची असू शकते की नाही हे सांगता येतं. भिंग हातात धरून हे काम करण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळालेली नाही.

पण याच पाटीत मिनीचा सगळ्यात मोठा सापळाही आहे. रॅलीत बॉडी चेपायची, मुरगळायची. पुढच्या रॅलीला वेळ नसायचा. मग नवी बॉडी यायची, जुन्यातले कामाचे भाग तिच्यात बसायचे, आणि नंबर तोच राहायचा. त्यामुळे एकाच नंबराच्या मागे एकापेक्षा जास्त बॉडी असू शकतात. त्यात ब्रिटनमध्ये नंबर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर कायदेशीरपणे हलवता येतो. नंबर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू आहे. १९७० मध्ये ॲबिंग्डनचा विभाग बंद पडला आणि गाड्या, सुटे भाग, सांगाडे असं सगळं हातोहात पांगलं. आज एखादा नंबर, एखादं इंजिन आणि एखादी बॉडी असे तीन तुकडे तीन वेगळ्या ठिकाणी पोचलेले असू शकतात, आणि तिन्ही मालक खरं बोलत असू शकतात.

मी स्वतः एकदा ‘वर्क्स’ म्हणून, म्हणजे कंपनीच्या टीमची म्हणून दाखवल्या जाणाऱ्या एका मिनीच्या फोटोंवर बरेच महिने घालवले होते. कागद चोख होते. नंबर बर्कशरचा होता. शेवटी प्रश्न सुटला तो डॅशबोर्डवरून. रॅलीच्या मिनीत नॅव्हिगेटरसमोर अंतर मोजायचं यंत्र, जादा स्विचांची पट्टी, नकाशा वाचायचा दिवा असा पसारा असतो, आणि त्यासाठी पत्र्याला भोकं पाडलेली असतात. जुन्या फोटोत भोकांची जी मांडणी होती ती आताच्या गाडीत नव्हती. आणि पत्र्याच्या मागच्या बाजूने बघितलं तर भोकं बुजवल्याच्या वेल्डिंगची एकही खूण नव्हती. म्हणजे भोकं कधी पाडलीच नव्हती. मालकाने ते शांतपणे ऐकून घेतलं. मला मात्र त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण गाडी खरोखर देखणी होती आणि त्या माणसाने ती मनापासून सांभाळली होती.

असं असूनही माग काढायला मिनीच घ्या म्हणतो, कारण पुरावा भरपूर आहे. तिन्ही विजेत्या मिनी आज इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत. तिथल्याच नोंदींवरून जुन्या मिनीचा दाखला मिळतो: कधी बांधली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, कारखान्यातून कुठे पाठवली. चेसिस नंबर सीए२एस७ ने सुरू होत असेल तर ऑस्टिन कूपर किंवा कूपर एस, केए२एस४ ने होत असेल तर मॉरिस. साध्या मिनीवर कूपर एसचा बिल्ला चिकटवलेल्या गाड्या खूप आहेत, त्या इथेच गळून पडतात. वर्षं पडताळायला आणखी एक सोपी खूण: सप्टेंबर १९६४ पासून मिनीत द्रवाचं हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन येऊ लागलं, त्याआधी रबराचे शंकू होते. त्यामुळे १९६३ ची म्हणून दाखवलेली गाडी हायड्रोलॅस्टिकवर उभी असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. शिवाय फोटो अमाप. १९६६ साली दिव्यांच्या नियमावरून पहिल्या तिन्ही मिनी बाद करून सिट्रोएनला विजेती ठरवलं, त्या गदारोळात तर गाड्यांचे पुढचे दिवे जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले.

आता साब. ही गाडी बनवणारी कंपनी मुळात विमानांची. साब ९६ चं सुरुवातीचं इंजिन टू-स्ट्रोक, तीन सिलिंडर, ८४१ सीसी. तीन पिस्टन, तीन कनेक्टिंग रॉड, एक क्रँकशाफ्ट; हलणारे मुख्य भाग सातच. चेतकमध्ये पेट्रोल भरताना ऑइलचं माप मोजून घेतलेल्या आपल्या पिढीला हे इंजिन समजायला अर्धा तासही लागणार नाही. पेट्रोलमधूनच ऑइल जातं, म्हणून उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन कोरडं पडायची भीती; त्यासाठी साबने फ्री-व्हील दिलं होतं, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांपासून सुटं व्हायचं. साबचा रॅलीचालक एरिक कार्लसन तर उलटंच करायचा. उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबलेलाच ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक मारायचा. तसं करत त्याने १९६०, ६१, ६२ अशी सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली. गाडी उलटी करायची सवय इतकी की स्वीडनमध्ये त्याला ‘छतावरचा कार्लसन’ म्हणायचे.

साबचा माग काढताना नंबरपाटीचा मोह सोडायचा. जुन्या स्वीडिश पाटीवर प्रांताचं अक्षर असायचं. साबचा कारखाना ट्रोलहॅटनला, म्हणजे तेव्हाच्या एल्व्सबोर्ग प्रांतात, त्याचं अक्षर पी. गाडी दुसऱ्या प्रांतात गेली की नंबर बदलायचा, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तर देशभर सगळेच नंबर नव्याने दिले गेले. म्हणजे मिनीत नंबर टिकतो आणि बॉडी बदलते, साबमध्ये नंबर खात्रीने बदललेला असतो. त्यामुळे धागा धरायचा तो चेसिस नंबराचा. चांगली गोष्ट अशी की स्वीडनमध्ये सरकारी नोंदी नागरिकांना खुल्या असतात. प्रांतांची जुनी वाहन नोंदवही सरकारी अभिलेखागारात बघता येते, त्यासाठी मालक असावं लागत नाही. ब्रिटनमध्ये आधीच्या मालकांची माहिती मागायची तर सबळ कारण द्यावं लागतं. भाषा स्वीडिश असली तरी नोंदवहीचे रकाने ठरलेले असतात. दोन पानं समजली की बाकीची आपोआप वाचता येतात.

विकत घ्यायला साब का म्हणतो, तर तिथे लबाडीला मोबदला कमी. वर्क्स मिनीच्या नावावर जी किंमत येते ती साबला येत नाही, म्हणून खोटी वर्क्स साब बनवण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. कंपनी २०११ च्या शेवटी दिवाळखोरीत गेली तेव्हा ट्रोलहॅटनच्या संग्रहालयातल्या गाड्याही विखुरतील अशी भीती होती. पण शहर, विमानांची साब एबी आणि वॉलेनबर्ग या उद्योजक घराण्याची संस्था यांनी मिळून तो संग्रह घेतला. त्यामुळे तुलनेला ताडून बघायला अस्सल गाड्या आजही एका छताखाली आहेत. गंज मात्र नीट बघा. स्वीडनच्या रस्त्यांवरचं मीठ खाली लपून काम करत असतं.

फुल्वियाबद्दल थोडक्यात. चेझारे फिओरिओची एचएफ टीम, म्हणजे लान्सियाची रॅली टीम, सांद्रो मुनारी आणि मारिओ मानुच्ची यांचा १९७२ चा विजय, त्याच वर्षीचं उत्पादकांचं अजिंक्यपद, हे सगळं माहीत असेलच. १९६७ मध्ये आल्टोनेनची मिनी जिंकली तेव्हा दुसरी फुल्विया होती, अवघ्या १३ सेकंदांनी मागे, हे मात्र बरेचदा विसरलं जातं. इटलीत गाडीच्या सार्वजनिक नोंदवहीतून मालकांची तारीखवार यादी मिळते. हे तिथलं सगळ्यात मोठं बळ. गाडी खरंच टीमची असेल तर यादीच्या माथ्यावर कंपनीचंच नाव आणि लान्सियाच्या तोरिनो शहरातली नोंदणी हवी. पहिला मालक एखादा खासगी गृहस्थ असेल तर ‘टीमची गाडी’ हा दावा तिथेच डळमळतो. ‘फानालोने’ म्हणून ओळखली जाणारी १.६ एचएफ ८१८.५४० या नंबरमालिकेतली, साधारण साडेबाराशे बनल्या, नंतरच्या १.६ ची मालिका ८१८.७४०. फानालोनेचे दरवाजे, बॉनेट आणि डिकी ॲल्युमिनियमची. खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. चिकटला म्हणून लगेच खोटी म्हणू नका, कारण अपघातानंतर लोखंडी दरवाजा बसवणं तेव्हा रोजचं होतं. पण तो कधी आणि का बसवला, हे मालकाला सांगता यायला हवं.

नवख्यांची फसगत होते ती बिल्ल्यांमुळे. साबवर ‘मोंते कार्लो’ लिहिलंय म्हणून ती मोंते कार्लोला गेली होती असं नव्हे. कार्लसनच्या विजयांनंतर साबने आपल्या स्पोर्ट मॉडेलला ते नाव दिलं, आणि ते कुणीही शोरूममधून घेऊ शकत होतं. लान्सियानेही मुनारीच्या विजयानंतर ‘मोंतेकार्लो’ नावाची फुल्विया विकली. तसंच एफआयएचा, म्हणजे मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेचा, तांत्रिक पासपोर्ट. विक्रेते तो फार अभिमानाने पुढे करतात. पण गाडीची आजची बांधणी त्या काळच्या नियमांत बसते, एवढंच तो कागद सांगतो. त्या गाडीने त्या काळी काय केलं, याबद्दल तो काहीच म्हणत नाही. ऐतिहासिक स्पर्धेत उतरायला तो हवा, पण इतिहासाचा पुरावा म्हणून त्याला एक पैसाही देऊ नका.

वेळेचं म्हणाल तर पुण्या-मुंबईत बसून, फक्त पत्रव्यवहार आणि फोटोंवर काम करायचं असेल तर मिनीच जमेल. सगळं इंग्रजीत, आणि उत्तर देणारी माणसं भरपूर. युरोपात राहणाऱ्यांनी, विशेषतः स्कँडिनेव्हियात असलेल्या आपल्या मंडळींनी, साब हातातून सोडू नये. एक सुट्टी काढून अभिलेखागारात जाऊन बसणं त्यांना परवडतं, आणि इंग्लंडमध्ये महिनोन्महिने न सुटणारं कोडं तिथे एका दुपारी सुटू शकतं.

मुंबईकरांकडे मात्र एक गोष्ट अशी असू शकते जी ॲबिंग्डनकडेही नाही आणि तोरिनोकडेही नाही. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून सिडनीसाठी निघालेली मॅरेथॉन रॅली काबूल आणि दिल्लीवरून मुंबईला आली. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्क आघाडीवर होता. पुढे जिंकला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटरमध्ये. डाफ ५५ सारख्या छोट्या गाड्याही त्या रांगेत होत्या. सगळ्या मुंबई बंदरात चुसान जहाजावर चढल्या आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या. त्या दिवसांत बघायला गेलेल्या कुणाच्या आजोबांनी, मामांनी कॅमेरा नेला असेल, तर फोटो अजून घरात असतील. हजारो मैल तुडवून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर कुठे पोचा आहे, कुठला दिवा फुटलाय, पाटी कशी बसवलीय, हे त्या फोटोत दिसतं आणि तेच आज पडताळायला लागतं. अल्बममधून फोटो ओढून काढू नका, कडा फाटतात. आधी पानासकट फोटो काढून घ्या, मग हलक्या हाताने सोडवून मागची बाजू बघा: तारीख असेल, स्टुडिओचा शिक्का असेल, कुणाच्या तरी हस्ताक्षरात गाडीचा नंबर असेल.