इलेक्ट्रॉनिक्स आणि म्युझिक टेक्नॉलॉजीची डिग्री: माझा रिव्ह्यू

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला, युकेतून ही डिग्री करून आलोय. 5 पैकी 4 देईन. अलकापुरीतल्या एका कन्सल्टंटने बाबांना सांगितलेलं की हा स्टुडिओ रेकॉर्डिंगचा कोर्स आहे, गणित नावापुरतं. साफ चुकीचं. पहिल्या वर्षी सर्किट, प्रोग्रामिंग, फुरिये (आवाज वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीत फोडायचं गणित), सगळं बाकी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या बरोबरीने करावं लागतं, म्युझिकचं त्याच्या वर, त्यामुळे नुसते बीट्स बनवायचे असतील तर एवढी फी भरू नका प्लीज.

पण वाद्य आतून कसं बोलतं हे ज्याला कळून घ्यायचंय त्याने जावंच. माझा प्रोजेक्ट तानपुऱ्यावर होता. कारप्लस आणि स्ट्राँगचा 1983 चा अल्गोरिदम आहे, थोडा नॉइज डिले लाइनमध्ये, म्हणजे आवाज जरा उशिराने परत देणाऱ्या साखळीत, फिरवायचा, दर फेरीला शेजारच्या दोन सॅम्पलची (आवाजाच्या क्षणाक्षणाला घेतलेल्या आकड्यांची) सरासरी घ्यायची, की छेडलेली तार ऐकू येते. सेकंदाला 44,100 सॅम्पल धरले तर काळी एक पट्टीच्या जोडीला, म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांना, साधारण 318 सॅम्पलची डिले लाइन लागते. सूर बरोबर लागला पण आवाज गिटारचा, कारण जवारीच नव्हती! घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, रुंद पाठीवर तार टेकत-सुटत राहते त्यातून तो झणकार येतो, सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच यावर लिहून ठेवलंय. मी आजीला व्हिडिओ कॉल लावला, तिने फोन आपल्या तानपुऱ्याच्या घोडीपाशी ठेवला, तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि म्हणाली, "आता ऐक, जवारी उघडली बघ."

एक मार्क का कापला, तर लॅबचे स्लॉट फार कमी मिळायचे, आणि शिकवताना उदाहरणं सगळी पियानोचीच.

यॉर्क, ग्लासगोचे असे कोर्स बघा, आयईटीची (तिथली इंजिनिअरिंगची संस्था) मान्यता आहे ना ते आधी तपासा. इंग्लंडमध्ये बॅचलर्स 3 वर्षांचं, स्कॉटलंडमध्ये 4. खरं तर हे आपल्याकडे व्हायला हवं, सयाजीरावांनी 1886 ला गायनशाळा काढली, 1890 ला कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा, आज दोन्ही एमएस युनिव्हर्सिटीत आहेत, एकातून दुसऱ्यात चालत जाता येतं, तरी जोड कोर्स मला इथे मिळाला नाही.

जाणार असाल तर आपलं वाद्य सोबत न्या. विमानात भोपळा फुटेल म्हणून आजीने तानपुरा नेऊ दिला नाही, अख्खा प्रोजेक्ट तिने फोनवर पाठवलेल्या रेकॉर्डिंगवर केला, त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत.