हॉलो-बॉडी गिटारचं वायरिंग बदलून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

दिवाळीत गॅलरीत एलईडीची माळ लावली आणि त्याच संध्याकाळी गिटार ऐकवेना. स्वर विरला की मागे चर्रर्र सुरू. माळ बंद केली की कमी व्हायचं, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोनवर आणला की पुन्हा वाढायचं. आवाज आधीही होताच, पण मी तो ॲम्पच्या माथी मारत होते.

गिटार सेकंडहँड आहे. पूर्ण पोकळ, मेपल प्लायची, दोन एफ-होल (इंग्रजी f च्या आकाराची भोकं), दोन पी-९० पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे, एकेरी कॉइलचे), प्रत्येकाला वेगळा व्हॉल्यूम आणि टोन. भेटेल तो सांगायचा, हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारे दोन कॉइलचे पिकअप टाक आणि मोकळी हो. सल्ला चुकीचा नाही. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो एकेरी कॉइलची गुणगुण घालवण्यासाठीच. पण मला हवा असलेला आवाज त्याआधीचा आहे. १९४९ मध्ये गिब्सनची ईएस-१७५ ही हॉलो-बॉडी गिटार आली तेव्हा तिच्यावर पी-९० च होता. हंबकर तिला १९५७ मध्ये मिळाले. तो जाडसर, किंचित खरखरीत मधला स्वर मला सोडायचा नव्हता. म्हणून पिकअप तेच ठेवून बाकी सगळं बदललं.

त्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधलं, आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ तोच. व्हॉल्यूम शून्यावर आणला तर आवाज जातो का? माझा पूर्ण जात नव्हता. म्हणजे पिकअपच्या पुढे, पिकअप निवडायच्या स्विचकडच्या किंवा जॅककडच्या (केबल खोचतो ती जागा) वायरींतही गडबड होती. मग वाजवायच्या तारांना हात लावून पाहिला: काही फरक नाही. जॅकच्या धातूला बोट लावलं की चरचर निम्म्यावर. मल्टीमीटरचं एक टोक जॅकच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरं तारेला लावलं, तर बीप नाही. टेलपीसखाली (तारांची टोकं अडकवायची धातूची पट्टी) येणारी ग्राउंडची वायर लॅकरच्या थरावर नुसती टेकलेली होती. तेवढा लॅकर खरवडून वायर धातूला भिडवली आणि एका रुपयाचाही खर्च न करता अर्धं दुखणं गेलं. तुमचीही अशीच कुरकुरत असेल तर नवीन काही मागवण्याआधी हे तपासा.

उरलेल्या अर्ध्यासाठी आतलं वायरिंग काढावं लागलं. ठोकळ्यातून कोरलेल्या गिटारच्या खोबणीत तांब्याची टेप चिकटवता येते. इथे खोबणच नाही, आत सगळा रिकामा डबा. त्यामुळे कवच वायरीलाच हवं. माझ्या गिटारमध्ये स्विचपासून जॅकपर्यंत साधी प्लास्टिकची वायर होती, जवळजवळ हातभर लांब, म्हणजे चांगली ॲन्टेनाच. तिच्याजागी तांब्याची जाळी विणलेली शील्डेड वायर घातली. पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते रेझिस्टर, लाकडात बसलेले असल्याने आपसांत जोडलेले नसतात. प्रत्येकाच्या पाठीवर ग्राउंड द्यावं लागतं. त्यासाठी २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरलं नाही. पाठ पॉलिश पेपरने घासून ६० वॅटच्या आयर्नने पटकन टाका दिला, तेव्हा तो चकचकीत बसला. पॉट ५०० किलोओहमचे, टोनचे कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचे.

हे सगळं एफ-होलमधून आत घालायचं, हा खरा कस. तारा काढण्याआधी ब्रिजच्या (तारा टेकतात ती घोडी) दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, कारण तो चिकटवलेला नसतो आणि जागा हलली की इंटोनेशन, म्हणजे पट्टीवर सगळीकडे सूर नेमका लागणं, गेलं. गिटारवर कागद ठेवून भोकं उमटवली, ती पुठ्ठ्यावर घेतली आणि पुठ्ठ्यावरच सगळी जोडणी करून ॲम्पला लावून पाहिली. मग फिशटँकच्या हवेच्या नळीचे तुकडे वरून भोकांतून आत सोडून एफ-होलमधून बाहेर काढले, पॉटच्या दांड्यांवर चढवले आणि एकेक पॉट हळूच ओढून जागेवर आणला. जॅकला दोरा बांधला. पहिल्यांदा मला अडीच तास लागले. पॉट मागवताना त्याच्या मानेची जाडी बघा: अमेरिकी मापाच्या पॉटला साधारण साडेनऊ मिलीमीटरचं भोक लागतं, माझ्या गिटारची भोकं आठची. लाकूड कोरायला नको म्हणून मी आठचेच घेतले.

एक चूक महागात पडली. जाळीच्या वायरीवर बाहेरून काहीच आवरण नसतं. तीन आठवड्यांनी एका छोट्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला गिटार मुकी झाली. जाळीचा एक केस स्विचच्या पायाला टेकला होता. पुन्हा सगळं बाहेर. पुण्यातल्या तपकीर गल्लीत हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून बसणारी नळी) घ्यायला गेले, तर दुकानातले काका म्हणाले, "ताई, नुसत्या टोकाला नको, वायर पूर्ण झाका, आत काय कुठे वाकेल सांगता येत नाही." तसंच केलं. तेव्हापासून एकदाही आवाज तुटलेला नाही.

आता आठ महिन्यांनंतरची स्थिती. चरचर गेली. माळ, रेग्युलेटर, लॅपटॉपचा चार्जर, कशाचाही मागमूस नाही. गुणगुण मात्र आहे. ही ५० हर्ट्झची खालची घुंई चुंबकीय असते आणि एकेरी कॉइल ती पकडणारच. तांब्याची जाळी तिला अडवू शकत नाही. रेकॉर्डिंगचा आलेख पाहिला तर वरच्या पट्टीतली टोकं साफ झालीत, ५० आणि १०० जवळची जागच्या जागी आहेत. ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरकडे पाठ करून, किंचित तिरकं बसलं की ती बरीच दबते. मोठ्या आवाजात डबा घुमतो तो फीडबॅक तर वेगळाच विषय, वायरिंगचा त्याच्याशी संबंध नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाच्या, गिब्सनच्या १९८० च्या ल्युसिल मॉडेलला एफ-होल ठेवलेच नाहीत ते त्यासाठी. मी कार्यक्रमापुरते एफ-होलमध्ये फोमचे तुकडे बसवते.

आणि कृपा करून प्लगची अर्थिंगची पिन कापून आवाज घालवू नका. तारा ग्राउंडला जोडल्या म्हणजे तुमचा हात ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडला गेला. घरातलं अर्थिंग नीट नसेल तर आधी वायरमनला बोलवा, गिटार नंतर उघडा.

चौथ्या महिन्यात आणखी एक गोष्ट केली, ती मला सर्वांत आवडली. माझे दोन्ही पिकअप एकाच दिशेने गुंडाळलेले होते, म्हणून स्विच मध्ये ठेवला तरी गुणगुण तेवढीच. नेकच्या (गिटारच्या दांडीजवळच्या) पिकअपखालची दोन्ही चुंबकं उलटी बसवली आणि त्याच्या कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल केली. तळाच्या पत्र्याचं ग्राउंड वेगळं काढावं लागलं, नाहीतर तो पत्राच सिग्नलला जोडला जातो. आता दोघांचा स्वर एकत्र येतो आणि गुणगुण एकमेकांना खाऊन टाकते. रेकॉर्डिंगला मी मधल्या जागेवरच वाजवते. नेकचा एकटा आवाज हवा असेल तेव्हा थोडी घुंई चालवून घेते, कारण त्या आवाजासाठीच ही गिटार घेतली होती.